गोदूवन्संची मिठाची डबी

गोदूवन्सं माझ्या घरात शिरल्या त्या स्वतःची मिठाची डबी घेऊन.

चपला काढताना त्यांनी भिंतीला हात टेकला. दोन जिने चढून धाप लागली होती. गळ्याजवळची शीर उडताना दिसत होती, आणि ती कशीही उडत होती. लागोपाठ तीनदा, मग थांबून, मग एकदाच. माझा मुलगा निरंजन त्यांची बॅग घेऊन मागे उभा होता. मी पाणी पुढं केलं. ते त्यांनी घेतलं नाही. आधी पिशवीतून स्टीलची एक डबी काढली, झाकणावर ‘गो. वि. आठल्ये’ असं कोरलेली, आणि जेवायच्या टेबलावर मधोमध ठेवली.

“सुलभा, माझ्यासाठी सगळं अळणी करायचं,” त्या म्हणाल्या. “मीठ माझं मी घेईन.”

“बरं.”

“राग मानू नकोस.”

“राग कसला? तुमची डबी, तुमचं मीठ.”

निरंजन म्हणाला, “आत्या, आल्या आल्या सुरुवात नको ना.”

“सुरुवात बारा वर्षांपूर्वी झाली, बाळा,” त्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. “हा मध्यंतरानंतरचा भाग.”

या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील. गोदूवन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, वाईला मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, शेवटची आठ वर्षं मुख्याध्यापिका. माझ्या यजमानांवर त्यांचा फार जीव. यजमान बावन्नाव्या वर्षी गेले. सकाळी दाढी करताना हातातला ब्रश पडला, डावी बाजू लुळी पडली, आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. त्यांना रक्तदाब होता. तेराव्याच्या जेवणाला पंचवीस माणसं पानावर बसलेली असताना गोदूवन्संनी भाजीचा घास घेतला आणि म्हणाल्या, “आज मीठ बेताचं आहे. हा बेत आधी सुचला असता तर माझा भाऊ आज या पंगतीत असता.”

माझ्या आईनं पानावरून हात उचलला. त्या दिवसानंतर बारा वर्षं गोदूवन्सं माझ्या घरी जेवल्या नाहीत आणि मी त्यांना जेवायला बोलावलं नाही. निरंजन वाईला जाऊन त्यांना भेटत असे. परतताना त्याच्याबरोबर त्या कंदी पेढे द्यायच्या. पुड्यावर लिहिलेलं असायचं, ‘निरंजनसाठी’. म्हणजे माझ्यासाठी नाहीत, हे मला कळावं म्हणून.

आणि आता त्या माझ्याच घरी राहायला आल्या होत्या. सहा महिने त्यांच्या हृदयाची चाल बिघडली होती. एकदा बँकेच्या रांगेत, एकदा देवळाच्या पायरीवर चक्कर येऊन पडल्या. वाईच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की एक प्रक्रिया करावी लागेल, पण आधी सहा आठवडे रक्त पातळ ठेवायची गोळी द्यायची, दर आठवड्याला रक्त तपासायचं, आणि तोवर पुण्यातच राहायचं. निरंजन म्हणाला, “आई, आत्या दुसरीकडं कुठं जाणार?” मी म्हटलं, “घेऊन ये.” त्यात माझा मोठेपणा नव्हता. बारा वर्षांनी ती बाई माझ्या ताटात जेवणार होती, आणि ते मला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टर वळसंगकरांकडे गेलो. चाळिशीच्या आतबाहेरची बाई, केस घट्ट बांधलेले, बोलताना समोरच्या कागदावर चित्र काढायची सवय.

“हृदयाला वर दोन कप्पे, खाली दोन,” त्या म्हणाल्या. “वरच्या डाव्या कप्प्यात फुफ्फुसांकडून शिरा येऊन उघडतात. त्या शिरांच्या तोंडाशी भलत्या ठिणग्या उठतात, आणि ठोका पडायच्या ऐवजी सगळा कप्पा नुसता थरथरत राहतो. गोळ्यांनी ते थांबत नाही, हे आपण पाहिलं. आता मांडीच्या शिरेतून बारीक तारा वर न्यायच्या, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला सुईनं छिद्र पाडून डावीकडं जायचं, आणि तारेच्या टोकानं शिरांच्या तोंडाभोवती एकाला लागून एक असे ठिपके डागत गोल पुरा करायचा. डागलेल्या जागेतून वीज पलीकडं जात नाही.”

“डागायचं,” वन्सं म्हणाल्या. “गुरांना डागतात तसं.”

“मुंग्यांभोवती हळदीची रेघ ओढतात तसं,” डॉक्टर हसून म्हणाल्या. “रेघ पुरी असली की मुंग्या ओलांडत नाहीत. कुठं फट राहिली तर परत येतात. म्हणून कधी कधी हे दुसऱ्यांदाही करावं लागतं. ते आधीच सांगून ठेवते.”

निरंजननं कम्प्युटरवर बरंच वाचून ठेवलं होतं. तो म्हणाला, “फुगा घालून गोठवतातही ना? त्याला वेळ कमी लागतो म्हणे.”

“लागतो. पण यांच्या डाव्या बाजूच्या दोन शिरा एकाच रुंद तोंडानं उघडतात. तिथं फुगा नीट बसणार नाही. आपण ठिपक्यांनीच करू.” मग त्यांनी पेन खाली ठेवलं. “खरी भीती वेगळी आहे. कप्पा थरथरत असतो तेव्हा रक्त तिथं साचतं आणि गुठळी होते. ती सुटली की थेट मेंदूत. म्हणून पातळ करायची गोळी. रक्ताचा आकडा दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा. दोनच्या खाली गेला की गुठळीचा धोका, तीनच्या फार वर गेला की रक्तस्रावाचा. घरात कुणाला पॅरालिसिस झाला होता?”

“माझ्या भावाला,” वन्सं म्हणाल्या.

“वय?”

“बावन्न.”

“त्यांची नाडी अशीच अनियमित होती का?”

“रक्तदाब होता,” वन्सं म्हणाल्या. “खाण्यापिण्याकडं लक्ष नव्हतं. मीठ फार.”

मी माझ्या पर्सच्या बंदाकडं बघत राहिले.

डॉक्टर म्हणाल्या, “आता नक्की सांगता येणार नाही. पण त्या वयात, असा अचानक, आणि बहिणीला हे. त्यांनाही हेच असेल आणि गुठळीनं घात केला असेल, असं मला वाटतं. त्याचं खापर नुसत्या मिठावर फोडू नका.”

निरंजननं माझ्याकडं पाहिलं. मी वन्संकडं पाहिलं. त्या डॉक्टरांनी काढलेल्या चित्राकडं बघत होत्या. निघताना डॉक्टरांनी त्यांच्या हातात एक छापील कागद दिला, गोळी कधी घ्यायची, काय पाळायचं याचा.

घरी येताना गाडीत मी मागे बसले होते, त्या पुढं. सारसबागेपासून सहकारनगरपर्यंत मी एका वाक्याची वाट बघत होते. चूक झाली असंही म्हणायला नको होतं. ‘मिठाचं काही खरं नव्हतं तर’ एवढं म्हटलं असतं तरी मला पुरलं असतं. घराच्या वळणावर त्यांनी तोंड उघडलं.

“तुमच्या पुण्यात खड्डे फार,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी आपली फाइल माझ्या हातात दिली. “नीट ठेव कुठंतरी. दर आठवड्याला लागेल.” मी टेबलावर बसून सगळे कागद तारखेवार लावले, भोकं पाडून दोरीत ओवले आणि फाइल कपाटात ठेवली. मला नोकरीपासून तशी सवय आहे.

मग स्वयंपाक सुरू झाला.

त्या सहा आठवड्यांतल्या भाज्या मला अजून क्रमानं सांगता येतील. दिवस श्रावण-भाद्रपदाचे, मंडईत पालेभाज्यांचे ढीग. पहिल्या सोमवारी अळूचं फदफदं केलं, मुळा आणि शेंगदाणे घालून, आमच्या सासूबाई करायच्या तसं. मंगळवारी मेथी. बुधवारी चाकवताची ताकातली भाजी. मग पालक, मग शेपू, मग माठ, मग पुन्हा अळू, या खेपेला वड्या. सगळं अळणी. त्यांच्या वाढपात कमी पडलं असं कुणी म्हणू नये म्हणून ताट भरून वाढत होते. त्या डबी उघडायच्या, चिमटीनं मीठ घ्यायच्या, सगळ्या ताटावर अक्षता टाकल्यासारखं भुरभुरायच्या आणि जेवायच्या.

“अळू खाजरं नाही,” पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या.

“चिंच घातली आहे.”

“आईची पद्धत.”

“त्यांनीच शिकवली.”

“आईच्या भाजीला चव होती.”

“त्यात मीठ असायचं.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि वाटी पुढं केली. मी आणखी वाढलं.

असं रोज. वाटी पुढं यायची, मी वाढायची. दुपारी त्या बाल्कनीत बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत. मी कपडे वाळत घालायला गेले की म्हणत, “निवृत्त झाल्यावर काय करतेस गं दिवसभर?” मी म्हणे, “तुमच्यासाठी भाज्या निवडते.” त्या म्हणत, “अरे वा, म्हणजे मी आले हे बरं झालं.”

दर गुरुवारी रक्त तपासायला माणूस घरी यायचा. पहिला आकडा आला दोन पूर्णांक चार. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, उत्तम. दुसऱ्या आठवड्यात दोन. तिसऱ्यात एक पूर्णांक आठ. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि विचारलं, “खाण्यात काही बदल?”

फोन वन्संच्या हातात होता. “वाईला एकटीपुरतं रांधत होते, इथं ताट भरून मिळतंय,” त्या म्हणाल्या. “बदल म्हणाल तर तेवढाच.” मग माझ्याकडं बघून फोन पुढं केला. “तुला काही सांगायचंय?”

“मला काय सांगायचं असणार?” मी म्हटलं.

चौथ्या आठवड्यात गोळी आणखी वाढली, पण आकडा दोनच्या वर काही जाईना. त्यांची छाती दिवसभर फडफडायची. जिना उतरणं बंद झालं. एकदा न्हाणीघरातून बाहेर येताना त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मी धरायला गेले तर म्हणाल्या, “हात लावू नकोस. मला येतं उभं राहायला.”

मग ऋषिपंचमी आली. वन्संचं ते व्रत जुनं. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, परसातलं, हातानं लावलेलंच. दोन दिवस आधी त्या म्हणाल्या, “तू काही करू नकोस. मी फळं खाईन.”

“माझ्या घरात ऋषीची भाजी झाली नाही असं कधी झालं नाही,” मी म्हटलं.

पहाटे मंडईत गेले. अळू, लाल माठ, अंबाडी, माठाचे जाड देठ, पडवळ, दोडका, भेंडी, सुरण, लाल भोपळा, मक्याचं कणीस. पण पातेल्यात सगळ्यात जास्त काय होतं तर पाला. तेल नाही, फोडणी नाही. शिजून ते सगळं एकजीव हिरवंगार झालं. वन्संनी वरीच्या भातावर ती भाजी घेतली. डबीत आज सैंधव भरलं होतं, ते भुरभुरलं. पहिला घास घेतला.

“अण्णाला ही भाजी आवडायची,” त्या म्हणाल्या. अण्णा म्हणजे माझे यजमान.

“आवडायची.”

“तीनदा घ्यायचा.”

“चारदा,” मी म्हटलं.

त्यांनीही तीनदा घेतली. तिसऱ्या वेळी वाटी पुढं केली आणि माझ्या हातातल्या डावाकडं बघत राहिल्या. मी वाढली.

प्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात आकडा होता एक पूर्णांक सहा. डॉक्टर म्हणाल्या, “या तर खऱ्या. आधी घशातून दुर्बीण घालून आतून बघू. साफ असेल तर पुढं जाऊ.”

सकाळी साडेसातला त्यांना आत नेलं. मी आणि निरंजन बाहेर बाकावर बसलो. पाच तास लागतील असं सांगितलं होतं. पाऊण तासात दार उघडलं. डॉक्टर टोपी काढत बाहेर आल्या तेव्हाच मला कळलं.

“डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते,” त्या म्हणाल्या. “त्यात गुठळी आहे. आज मी तार आत नेली असती तर ती सुटून मेंदूत गेली असती. मी काही करू शकत नाही. आणि आता त्या कुठल्याही क्षणी... म्हणजे प्रक्रिया न करताही धोका आहेच.”

निरंजन भिंतीला टेकला. त्याच्या बापासारखाच टेकला, खांदा आधी.

थोड्या वेळानं वन्संना बाहेर खोलीत आणलं. घसा सुजला होता, आवाज फाटलेला. डॉक्टरांनी त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि निरंजनला म्हणाल्या, “बघ. तुझ्या आईनं माझ्या भावाला पोचवलं. मला अर्ध्यावर आणून सोडलंय.”

“आत्या, काय बोलतेस?”

“विचार तिला. महिनाभर मला पाला खायला घालतेय. शेळीसारखा.”

डॉक्टर वळल्या. “कसला पाला?”

“अळू, मेथी, पालक, चाकवत,” वन्संनी मोजून सांगितलं. त्यांनाही क्रम पाठ होता.

“रोज?”

“रोज. दोन दोन वाट्या.”

डॉक्टरांनी डोळे मिटले. “पालेभाज्यांनी या गोळीचा परिणाम उतरतो. म्हणून मी पहिल्याच दिवशी छापील कागद दिला होता. त्यात ठळक अक्षरांत लिहिलंय. तो कागद कुणाकडं होता?”

“माझ्याकडं,” वन्सं म्हणाल्या.

“वाचला नाहीत?”

“मी बत्तीस वर्षं मुलींना वाचायला शिकवलंय.”

“मग बोलला का नाहीत?”

वन्संनी तोंड भिंतीकडं केलं. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग निरंजनकडं, आणि नर्सला नव्या गोळ्या आणि पोटात घ्यायची इंजेक्शनं लिहून दिली. आठ आठवड्यांनी पुन्हा बघायचं ठरलं, तोवर गुठळी विरघळली तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना घरी आणलं. निरंजन औषधं आणायला खाली गेला. वन्सं सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि टेबलाशी बसल्या. डबी तिच्या नेहमीच्या जागी होती.

“फाइल आण,” त्या म्हणाल्या.

मी आणली. त्यांनी दोरी सोडली, पानं उलटली आणि तो कागद बाहेर काढला. वाईच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या आणि पहिल्या रक्ताच्या रिपोर्टच्या मधोमध होता.

“मी हा सगळ्यात वर ठेवला होता,” त्या म्हणाल्या. “मुद्दाम. तुझ्या हातात फाइल दिली तेव्हा पहिलं पान हेच होतं.”

मी फाइलची सुटलेली दोरी गुंडाळू लागले.

“दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडून पाहिलं. हा आत गेला होता. तारखेवार.”

“हो.”

“वाचलास?”

“वाचला,” मी म्हटलं.

हे मी निरंजनला आजतागायत सांगितलेलं नाही. हिरव्या पालेभाज्या बेतानं, एकदम वाढवू नयेत, आकडा घसरतो. सगळं मी नीट वाचलं होतं, भोकं पाडताना शब्द फाटू नयेत म्हणून कागद थोडा बाजूलाही सरकवला होता. आणि दुसऱ्या दिवशी मंडईत जाऊन अळूच्या चार जुड्या घेतल्या होत्या.

“मला मारायचं होतं?” त्यांनी विचारलं. शाळेत एखाद्या मुलीला विचारावं तसं, आवाज न चढवता.

“नाही.”

“मग?”

“तुम्ही तोंडानं सांगाल म्हणून वाट बघत होते. सुलभा, मला हे चालत नाही, दुसरं कर. एवढं एक वाक्य. तुम्ही माझ्याकडं काही मागावं, एवढंच.”

“आणि मी वाट बघत होते की तू आपणहून थांबशील,” त्या म्हणाल्या. “रोज. वाटी पुढं करायची आणि तुझा हात थांबतो का ते बघायचं. ऋषिपंचमीला वाटलं, आज तरी थांबेल. तिसऱ्यांदा वाटी केली ती त्यासाठीच.”

“थांबला नाही.”

“नाही थांबला.”

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती होत नव्हती.

“त्या दिवशी गाडीत तुम्ही खड्ड्यांचं बोललात,” मी म्हटलं.

“कसले खड्डे?”

“डॉक्टरांनी सांगितलं, मिठावर खापर फोडू नका. तुम्ही ऐकलंत. पंचवीस माणसांसमोर मला जे म्हणालात, ते माझ्या एकटीसमोर सुद्धा मागे घेतलं नाहीत. खड्डे फार, म्हणालात.”

त्यांनी डबी हातात घेतली. झाकण अंगठ्यानं फिरवत राहिल्या.

“अण्णाच्या पन्नाशीला मी घड्याळ आणलं होतं,” त्या म्हणाल्या. “आठवतं?”

“माझ्याकडंच आहे.”

“मी ते त्याच्या मनगटाला बांधलं. पट्टा घट्ट होईना म्हणून मनगट धरून ठेवलं होतं. तेव्हा बोटांखाली नाडी लागली. कशीही उडत होती. आता माझी उडते तशीच. मी म्हटलं, काय रे, एवढी धडधड? तो म्हणाला, जिना चढून आलोय, आणि हिला सांगू नकोस, ही लगेच दवाखाने सुरू करेल. मी हसले. मला बरं वाटलं की त्यानं मला सांगितलं, तुला नाही. मग विसरूनही गेले. दोन वर्षांनी तो गेला तेव्हा आठवलं.”

मी उभीच होते. खुर्ची ओढून बसावं असं वाटलं, पण त्यांच्यासमोर बसले नाही.

“मीठ होतं तोवर ते तुझ्याकडं होतं,” त्या म्हणाल्या. “मीठ नसेल तर माझ्याकडं येतं. म्हणून खड्डे.”

“बारा वर्षं माझ्यावर टाकलंत.”

“टाकलं.”

“माझ्या आईनं पानावरून हात उचलला होता. ती गेली, पण ते शेवटपर्यंत विसरली नाही.”

“मला ठाऊक आहे. मी तिच्या समोरच बसले होते.”

यापुढं त्या माफी मागतील असं मला क्षणभर वाटलं. त्यांना मी रडेन असं वाटलं असेल. दोन्ही झालं नाही. मी फ्रिज उघडला, उरलेल्या माठाची जुडी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

“उद्यापासून दुधी,” मी म्हटलं.

“दुधी मला आवडत नाही.”

“मग पडवळ.”

“ते त्याहून वाईट.”

“पडवळ,” मी म्हटलं.

आठ आठवडे दुधी, पडवळ, दोडका, भोपळा. पालेभाजीचं पान नाही, कोथिंबिरीची काडी नाही. त्यांनी एकदाही आणखी मागितलं नाही. आम्ही फारसं बोलतही नव्हतो. मात्र सकाळी गोळी मी काढून द्यायची आणि त्या माझ्या तळव्यावरून उचलायच्या, हे सुरू झालं. आकडा दोन पूर्णांक सहावर येऊन स्थिर राहिला.

डिसेंबरात पुन्हा आत नेलं. या खेपेला दार पाऊण तासानं उघडलं नाही. तासानं नाही, दोन तासांनी नाही. निरंजन चहा आणायला जायचा आणि तसाच परत यायचा. मला बाकावर बसून सारखी ती हळदीची रेघ दिसत होती. कुठंतरी फट राहील असं वाटत होतं. साडेपाच तासांनी डॉक्टर आल्या. “पिशवी साफ होती,” त्या म्हणाल्या. “सगळे गोल पुरे झाले. शेवटच्या शिरेशी एक फट राहिली होती, ती शोधून बुजवली. ठोका लगेच लागला.”

खोलीत वन्सं उताण्या पडल्या होत्या. उजवी मांडी सरळ, वर वाळूची पिशवी. आठ तास पाय हलवायचा नाही, मान उचलायची नाही. उशाशी यंत्रावर हिरवी रेघ एकेक उंचवटा काढत चालली होती, सगळे सारख्या अंतरावर. मी त्याकडं बराच वेळ बघत बसले. असं सरळ चाललेलं मी त्यांच्यात कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी नर्स म्हणाली, मऊ काहीतरी चमच्यानं भरवा. मी घरून मुगाची खिचडी आणली होती, नेहमीप्रमाणं अळणी. डबीही आणली होती. पण त्यांना हात उचलता येत होता, मान नाही. ताटात काय आहे ते दिसणारच नव्हतं. मी पहिला चमचा भरवला. त्यांनी गिळला आणि तोंड वाकडं केलं.

“मीठ नाही,” त्या म्हणाल्या.

“नसतंच. डबी आणली आहे. किती घेता?”

“मला काय दिसतंय इथून? तू घाल.”

मी डबीचं झाकण उघडलं. बारा वर्षांपूर्वीची ती पंगत, आईचा उचललेला हात, सगळं माझ्या बोटांत आलं. चिमटी भरली आणि तशीच धरून ठेवली.

“किती घालू?” मी पुन्हा विचारलं.

वन्सं छताकडं बघत होत्या. सकाळच्या दुर्बिणीनं आवाज या खेपेलाही फाटला होता.

“सव्वीस वर्षं माझ्या भावाला काय मोजून घालत होतीस?” त्या म्हणाल्या. “घाल अंदाजानं.”

मी अंदाजानं घातलं, ढवळलं आणि चमचा पुढं केला. त्यांनी तोंड उघडलं.